शिंक

प्रश्न चौथा मला मराठीत करता येईना.
इंग्रजीत तो सरळ होता, हातमोजे घातलेला.
कन्नडमध्ये यल्लव्वा सिस्टरनं एका दमात सांगितला
आणि मान दुसरीकडे वळवली.
मी लिहिलं : मलविसर्जनावरील नियंत्रण.
हौसाक्का बेनाडे, वय त्रेपन्न, राहणार निपाणी,
माझ्याकडे बघत राहिली,
बँकेतल्या माणसाकडे बघावं तशी.
मग खोडलं. म्हटलं, अक्का,
परसाकडची कळ आली तर
दारापर्यंत पोचता काय?

हसली नाही. तिनं आधी दाराकडे बघितलं,
कडी लागली होती.
'शिंक आली की संपलं बघ.'

तीस वर्षं तंबाखूच्या वखारीत.
पाला झोडायचा, चाळायचा, पोती भरायची.
धूळ अशी, की नवी पोरगी पहिल्या दिवशी
शिंकून शिंकून रडते.
हौसाक्का शिंकायची नाही.
दोन बोटांत नाक दाबून
टाचेला टाच लावून उभी राहायची,
शिंक गिळायची.
बायका म्हणायच्या, हिचं नाक लाकडाचं हाय.

धाकट्याच्या वेळी फाटलं होतं.
सुईण म्हणाली, भरून येईल.
बावीस वर्षं लुगड्याच्या आत
जुन्या धोतराची चौपदरी घडी.
लग्नात जेवायची नाही. एसटीत कधी
खिडकीची जागा घेतली नाही,
उतरायला उशीर होतो.
नवऱ्याला? 'त्यास्नी काय सांगायचं?'

शिवपूजी सरांनी कागदावर वर्तुळ काढलं,
घड्याळासारखं, आकडे घातले.
दहापासून दोनपर्यंत रेघ पुसली :
इथं स्नायू जोडलेला नाही.
ती वाकून बघत होती.
'दहा ते दोन म्हंजे
माझी चाळणीची पाळी की ओ, साहेब.'

वीसपैकी सतरा गुण.
एवढे गुण पडले की नापास, असलं हे गणित.
तारीख मिळाली : एप्रिलचा पहिला शुक्रवार.

त्याआधीच मार्चमध्ये यादीवर लाल शिक्का पडला.
तातडीची नाही.
शिक्का मीच मारला, नव्वद नावांवर.
तिच्या नावावर जरा तिरका पडला.

मग सगळं जग शिंकेला भ्यायला लागलं.
कोगनोळीच्या नाक्यावर नाकात काड्या,
मुलगा कागलला अडकलेला, वखारीला कुलूप.
मी खानापुरातून, माळ्यावर रेंज मिळते तिथं बसून,
एकेकीला फोन लावायची,
मागच्या चार आठवड्यांत किती वेळा?
पलीकडून ती म्हणाली,
'आता समदी माझ्यासारखीच झाली की गं.
जो तो नाक धरून.'

दुसऱ्या वर्षी यादी उघडली.
हौसाक्का आली, डबा घेऊन, नवं पातळ नेसून.
दोन दिवसांनी स्वॅबचा कागद आला. पॉझिटिव्ह.
ताप नाही, खोकला नाही, काहीच नाही.
सर म्हणाले, सात आठवडे.
आत्ता भूल दिली तर फुप्फुसं दगा देतील.
हा सात कुठून आला, मला माहीत होतं.
कुठल्या कुठल्या देशांतल्या दवाखान्यांत
माझ्यासारख्याच कुणीतरी रकाने भरले होते
आणि त्यातले काही रकाने
पुढे रिकामेच राहिले होते.
तिला एवढंच सांगितलं : थांबा.
'बावीस वर्षांत सात आठवडे कसले मोजतीस?'
डबा मला देऊन गेली. झुणका होता.

ऑपरेशन झालं, दीड तास.
टाके, मग बसल्याजागी आवळण्याचे व्यायाम,
आवळ, दहा मोज, सोड.
भाकरी थापताना मोजते म्हणाली.

सहाव्या महिन्यात पुन्हा तेच प्रश्न.
सतराचे आठ झाले.
आठ म्हणजे शून्य नव्हे. पातळ असलं की अजून भीती,
घडी अजून ठेवते, आता दोनपदरी.
कोष्टकात मी खूण केली : सुधारणा, मध्यम.

खाली इतर अभिप्रायाला दोन ओळी होत्या.
तिनं पेनाकडे बघितलं.

'परवा शिंकले. वखारीत, भर बायकांत. दोनदा.
समद्या पदर तोंडाला लावून
चार पावलं मागं सरल्या.
मी हुते तिथंच उभी.
कोरडी.
लिही की. कोरडी म्हणून लिही.'