छी म्हणजे किती

सुरतेहून ट्रकमधून आलेला
तिसऱ्या हाताचा चिनी माग.
अंगावर पितळी पट्टी, तिच्यावर दहा खाचा,
आणि तेल पिऊन पिवळ्या पडलेल्या कागदात,
कुणीतरी पेनाने मराठी केलेली ओळ :
रुंदी साडेचार छी.

"छी?" लक्ष्मीपती गज्जम म्हणाले,
"उंबरा ओलांडला नाही तोवर नाक मुरडालंय बे हे."
कांड्या भरणाऱ्या नरसूबाईंना
हसू आवरेना.

साखर पेठेतल्या त्या शेडमध्ये
बारावी झालेली मी एकटी.
वही माझी, कॅल्क्युलेटर माझा, शहाणपणही माझंच.
एक छी म्हणजे तेहतीस पूर्णांक तेहतीस सेंटीमीटर.
गुणिले साडेचार.
एकशे एकोणपन्नास पूर्णांक नऊशे पंच्याऐंशी.

"आणि दीडशेला किती कमी?"
"काही नाही काका, दीड दशांश मिलिमीटर."
"म्हणजे एक सूत."
त्यांनी बोटांत धागा धरला, उजेडात.
"एक सूत म्हणजे काही नाही?"

मग स्वतःच म्हणाले :
"तीन छीचा एक मीटर, बरोबर?
मग गुणालीस कशाला? तीननं भाग."
भागलं. दीड.
एक सूतही सांडलं नाही.
ते तेहतीस-तेहतीस माझ्या वहीच्या समासात
अजून चाललेत, कुठेच न पोचता.

खाचेला त्यांच्याकडे त्सुन म्हणतात, मी सांगितलं.
"तसू," गज्जम म्हणाले.
नाही काका, त्सुन.
"तेच की. माझा आज्जा तसूनंच मोजायचा."
आणि अंगठा आडवा ठेवला खाचेवर,
जवळजवळ बसला.
जवळजवळ.

मग मी वाचलेलं सगळंच सांगून टाकलं :
की फार जुना छी पसरलेल्या पंज्याएवढा होता,
वीतभरसुद्धा नव्हता.
पण तिथं सारा कापडात घ्यायचे,
आणि वसुली करणाऱ्यांच्या हातात
छी वाढत गेला, राजामागून राजा,
दर वेळी बोटभर.

मागाचा पट्टा कुणीतरी बंद केला असावा.
गज्जमांनी उजवा पंजा पट्टीवर पसरला.
करंगळीचं टोक त्यांनी
कुठल्याशा जुन्या मागाला दिलेलं आहे.
पट्टी पुढे उरली, तीन खाचांहून जास्त.
"हात तेवढाच राहिला की," ते म्हणाले.
मी वही मिटली.

सोमवारी पहिली चादर उतरली.
मागावर टेप लावून मी स्वतः मोजली होती,
दीड मीटर, सुतात सूत.
चाटी गल्लीत शेठजींनी
आपली लोखंडी पट्टी काढली,
कडा ताणली नाही, सुरकुती काढली नाही,
चष्म्यावरून बघत म्हणाले,
"दोन बोटं कमी भरते."

गज्जमांनी चादरीची घडी घातली,
चौपदरी, सावकाश,
आणि दुकानाची पायरी उतरताना
एवढंच म्हणाले :
"छी."