चारशे मीटर

कळंबोलीत लोखंड किलोवर मिळतं,
गिअरबॉक्ससुद्धा.
म्हणून गुरनिहालने आधी वजन विचारलं,
मग भाव,
आणि बॉनेट उघडता उघडता माझं नाव.

इंजिन दाखवलं, ओलं बाळ दाखवतात तसं,
हात लावू न देता.
नऊशे घोडे, म्हणाला.
मी म्हटलं, घोडे ठीक,
टांगा कुठाय?

हौदा काढलेला. मागे नुसती चेसिस,
गच्चीवर टेकवायला आणलेल्या शिडीसारखी.
वडिलांचे सतरा ट्रेलर बंदराच्या वाटेवर,
एकही साठच्या वर जात नाही,
आणि ह्याला चारशे मीटर हवेत
बारा सेकंदांत,
कुठल्याशा बंद धावपट्टीवर, जानेवारीत.

बाकावर नऊ गिअरचा होता,
मोडीत निघालेल्या ट्रेलरचा, हाताने टाकायचा.
दणकट. अण्णांच्या पिढीचा.
पण दोन गिअरच्या मध्ये एक फट असते,
अर्ध्या सेकंदाची,
आणि त्या फटीत इंजिन कुणाचंच नसतं.
टर्बो श्वास सोडतो.
परत भरेस्तोवर शेजारचा निघून गेलेला असतो.

अण्णा त्या फटीतच जगले.
खंबाटकीला, कसाऱ्याला,
दोनदा क्लच मारत, कान लावून,
दाते जुळायची वाट बघत.
डावा गुडघा तिथेच कुठेतरी झिजला.

दुसरा फोनमध्ये होता. परदेशी, खास शर्यतीचा,
फोटोत इतका स्वच्छ की मला हात धुवावेसे वाटले.
किंमत म्हणजे कामोठ्यातली एक खोली,
वर कस्टम ड्यूटी.
गुरनिहालने दोन बोटांनी फोटो मोठा केला,
मग लहान,
मग फोन खिशात.

अण्णा खुर्चीतून म्हणाले,
"पयलं काय तुटल, ता सांग."
चाळीस वर्षं गिऱ्हाइकाला हाच एक प्रश्न.
मी म्हटलं, इनपुट शाफ्ट.
"मंग तो चांगला बनव.
आन दुसरं कायतरी तुटू दे. स्वस्तातलं."

तेव्हा मी कोपऱ्यातलं गोणपाट उचललं.
महापालिकेच्या एसी बसचा ऑटोमॅटिक,
लिलावात घेतलेला, दोन वर्षं धूळ खात.
गुरनिहाल हसला. बसचा?
मी म्हटलं, वाशीपासून बेलापूरपर्यंत थांबे मोज.
थांब्यापासून थांबा, साधारण चारशे मीटर.
अकरा वर्षं ह्याने दुसरं काही केलेलंच नाही.
उभा राहायचा, उठायचा, पळायचा, उभा राहायचा.
तुझी शर्यत ह्याला पाठ आहे,
फक्त म्हातारी माणसं उभी असायची
म्हणून हळू म्हणायचा.

तो हसायचा थांबला.

मग दोन महिने.
रिटार्डर काढून टाकला,
थांबवायचं काम आता मागच्या छत्रीचं.
प्लेटा सहाच्या आठ. तेलाचा दाब वाढवला.
शाफ्ट रबाळ्यात, पिंगळेबाईंच्या लेथवर,
दोनदा परत पाठवला,
तिसऱ्यांदा त्यांनीच फोन करून सांगितलं, आता ये.
कन्व्हर्टर कापून आतली पाती वाकवली,
टर्बो भरेपर्यंत गाडी जागच्या जागी
दबून राहावी म्हणून.
आणि पुढे, प्रॉपेलर शाफ्टच्या सांध्यात,
एक साडेचारशे रुपयांची पिन.
ती तुटेल. तुटायलाच आहे.

चाकं हवेत ठेवून चालवलं त्या संध्याकाळी
लोहमंडीची सगळी शटरं थरथरली.
अण्णांना आता ऐकू येत नाही,
त्यांनी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक केसिंगवर टेकवलं,
मूठ कानामागच्या हाडावर.
पहिला. दुसरा. तिसरा.
"मधी काय आलाच नाय," म्हणाले,
कुणी पैसे कमी मोजून दिल्यासारखं.
त्यांची डावी चप्पल
प्रत्येक गिअरला जमीन दाबत होती.

परत उभं करून पुन्हा गिअरमध्ये टाकलं
तर गाडी क्षणभर तशीच.
गुरनिहालने काचेतून डोकं काढलं,
हे काय?

काही नाही, म्हटलं.
दार लागायची वाट बघतोय.