ठसा जुळत नाही

दिल्लीचं पत्रक शुक्रवारी आलं.
साहेबांनी ते फळ्यावर लावलं, 'इन्सुलिन संपले आहे'च्या वरच,
दुसरीकडं जागा नव्हती.
एक तारखेपासून बोटाच्या ठशाशिवाय रेफरल नाही.

दिवसातून तीसेक वेळा मी ते मोठ्यानं वाचते.
कागलचे कान, गडहिंग्लजचे कान, सैनिक टाकळीचे,
त्यातले निम्मे तोफांनी आधीच वापरून टाकलेले.

आज पहिल्या एसटीनं केरबा खाडे आले,
हवालदार, निवृत्त, राधानगरीच्या वरल्या अंगाचे.
चढ लागला की छातीत कळ येते म्हणाले.
"आणि आमच्या गावात चढाबिगर दुसरं हाय काय?"

मी मशीन पुढं सरकवलं.
अंगठा. ठसा जुळत नाही.
तर्जनी. ठसा जुळत नाही.
मधल्या दोन बोटांना शेवटची पेरंच नव्हती.
मी उगाच कीबोर्डकडं बघत राहिले.
"लाजू नगंस, पोरी. ती वर बर्फात ऱ्हायल्यात.
साहेबास्नी सांग, जावा आणि तिथं घ्या ठसा."

रांग हसली. मागं नळ्या लावलेले इलाही मुल्लाणी
हसता हसता खोकत बाकावर बसले.

मग तात्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला,
काचेवर फुंकर मारली, पुसली,
खिडकीच्या उजेडात तिरकी धरून
एक डोळा मिटून बघितली.
चार वर्षांत त्या मशीनला
असं कुणी हातात घेतलं नव्हतं.
"हत्यार कंचंबी असू दे. आधी साफ पायजे."

डावा हात.
अंगठा नाही. तर्जनी नाही. मधलं नाही. अनामिका नाही.
राहता राहिली करंगळी.
"शाळंत ही दाखिवली की मास्तर भाईर सोडायचा,"
म्हणत त्यांनी ती टेकवली,
आणि हिरवी खूण आली.

आता दवाखाना निवडायचा.
राजारामपुरीतल्यानं दारावर कागद चिकटवलाय,
मागली बिलं मिळेपर्यंत कॅशलेस बंद.
नागाळा पार्कातला यादीतूनच गेला,
का गेला ते पत्रकात नाही.
उरली मिरज.
"तात्या, हे रेफरल तीस दिवस चालेल."
"ते चालंल गं. मी चालतोय का बघाय पायजे."

कागद चार घड्या करून त्यांनी
पेन्शनच्या पुस्तकात ठेवला. मग थांबले.
"तुझं कार्ड कुठलं?"
माझं नाही, मी म्हटलं. मी कंत्राटी.
अकरा महिने, मग एक दिवस घरी, मग परत अकरा.
आईच्या बीपीच्या गोळ्या
भाऊसिंगजी रोडवरून आणते, पगार झाला की.

ते काही बोलले नाहीत.
पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेला
गुळाचा खडा काढून टेबलावर ठेवला.
"घरच्या गुऱ्हाळाचा हाय. मिरजंची गाडी कुठनं सुटती?"

सांगितलं. गेले. पुढचं नाव घेतलं,
आक्काताई नलवडे, नायकाच्या पत्नी,
नुसत्या औषधाला आलेल्या. औषध नव्हतंच.

सहाला कुलूप लावायच्या आधी
हजेरीसाठी मी माझा अंगठा टेकवला.
दुपारी गुळ खाऊन हात धुवायचा राहिलेला.
लाल दिवा.
पुन्हा प्रयत्न करा.
मी ओढणीचं टोक घेतलं,
काचेवर फुंकर मारली.