वीज : ९.४० पर्यंत

दोनशे सतरावी कॅसेट. बाजू ब.
नव्वद मिनिटांची टेप उतरायला नव्वदच मिनिटं लागतात,
निवृत्त माणसाला हा हिशेब परवडतो.
खिडकीखाली दौलतगंजातले टेम्पो,
टेबलावर डेक, डेकला काळी वायर,
वायरीच्या दुसऱ्या टोकाला नातवाचा जुना लॅपटॉप
आणि हेडफोन लावून मान हलवणारा मी.

मुलगी म्हणते, बाबा, इंटरनेटवर सगळं मिळतं.
मिळतं. विमल दाणी मिळत नाहीत.

आधी फोल्डर केले रागांचे.
मालकंस, मालकौंस, मालकोश :
तीन खोल्या, भाडेकरू एकच.
मग केले गाणाऱ्यांचे.
विमल दाणी, दाणी विमल, वि. दाणी (लष्कर),
संगणकाच्या लेखी तीन बायका
आणि तिघींना अंतऱ्याआधी तोच खोकला.
कुंदा म्हणाली, तारखेनं लावा.
तारखा कुणी लिहिल्यात!
पण तिला आठवतं भलतंच :
'ही शितोळ्यांकडची. बासुंदी लागली होती त्या दिवशी.'
मी निमूट टाइप करतो,
केदार, शितोळे, बासुंदी लागलेली.
शोधायला गेलं की हेच पटकन सापडतं.

या एकीवर मात्र तारीख आहे, कुंदाच्या अक्षरात.
मारवा. विलंबित.
आणि मधेच खट्ट.
पंख्याची घरघर थांबते,
थांबल्यावर कळतं की इतका वेळ पंखा होता.
कुणीतरी म्हणतं, 'गई.'
दुसरा म्हणतो, 'नौ चालीस. रोज की तरह.'
हशा. काडेपेटीची कुरकुर.
मग कुंदा, तीस वर्षांपूर्वीची, अगदी माझ्या कानाशी :
'टेप चालू आहे, आत सेल आहेत.'

सेल होते, पण जुने.
ते उतरत गेले
आणि आज ऐकताना आवाज चढत जातो.
काळी चारचा षड्ज
अर्ध्या तासात काळी पाचला टेकतो,
विलंबिताला पाय फुटतात,
साठीच्या विमलताई
वीस वर्षांच्या मुलीच्या गळ्यानं
अंधारात समेवर येतात.
त्या खोलीतल्या कुणालाही हे ऐकू आलं नव्हतं.

पडद्यावर चौकोन उघडतो : पट्टी दुरुस्त करू?

उत्तर देण्याआधी मी कपाटातून वही काढली,
ड्युटीची, मंडळाला परत करायची राहून गेलेली.
फुलबाग सबस्टेशन, रात्रपाळी, तीच तारीख.
'२१.४० दौलतगंज फीडर बंद. लोड कपात. आदेश वरून.'
खाली माझी सही,
तेव्हा ती फारच वळणदार होती.

पुन्हा मागे जाऊन ऐकलं. खट्ट.
खरं तर ते टेपचं,
माझ्या हाताखालचं तिकडे दूर वाजलं असणार,
मोठं, आणि कुणीही टिपून न घेतलेलं.
त्या बैठकीला मी नव्हतो,
असं मी इतकी वर्षं चुकचुकत सांगत आलो.

कुंदाला हाक मारली, एक कान तिला दिला, वही पुढे केली.
तिनं चष्मा वर केला, खाली केला.
'म्हणजे तुम्हीच होय!
आणि दुसऱ्या दिवशी मी तुम्हालाच वाढता वाढता
वीज मंडळाच्या सात पिढ्या काढल्या.'
'आठवतंय. कढी होती.'
'कढी नव्हती,' ती म्हणाली,
आणि हेडफोन काही परत दिला नाही.

दुरुस्त केलेली एक प्रत ठेवली आहे,
तिच्यात षड्ज हलत नाही, सगळं जागच्या जागी.
ती उघडायचं अजून मनात आलं नाही.

रकाने भरले.
गायन : विमल दाणी.
तबला : कुंदाला विचारून.
हार्मोनियम : ऐकू येत नाही, पण असावी.
खाली एक रकाना वाढवला,
एवढ्या मोठ्या यादीत तो इतर कुठेच लागणार नाही.

दोनशे अठरा.
हिच्यावर काहीच लिहिलेलं नाही.