मुक्काम लांबला

चौदा दिवस झाले, गाडी दारातच उभी आहे.
टाकी भरलेली, सिलिंडर भरलेला,
फडताळात पोहे, शेंगदाणे, मेतकूट,
आणि मागच्या शिडीपाशी, जादा चाकाच्या कव्हरात,
काटक्यांच्या गचपणात सहा अंडी.

शेजारची डार्लीन तिला रेन म्हणते.
मी म्हणते वटवटी.
ज्या सुरात ती आम्हाला आमच्याच अंगणात रागावते
त्याला दुसरं नाव नाही.

"मुठीएवढासुद्धा जीव नाही," मुकुंद म्हणाला,
"आणि सत्तावीस फुटांची गाडी अडवून बसलाय."
मग किल्ली खिळ्याला अडकवली
आणि वायोमिंगचा नकाशा मिटला,
चुकीच्या घडीवर, नेहमीसारखा.

अडवलं तर आम्हाला याआधीही होतं.
कस्टरच्या रस्त्यावर एका बायसनने,
चाळीस मिनिटं.
आला, उभा राहिला, आरशावर कपाळ घासलं.
ओल्या गवताचा आणि जुन्या घोंगडीचा वास
बंद काचेतूनसुद्धा आत आला.
मुकुंदने हॉर्नवरचा हात उचलून
हळूच मांडीवर ठेवला,
देवळात ठेवतात तसा.
तो आरसा अजून सैल आहे.
त्यात मागच्या गाड्या कमी, आभाळच जास्त दिसतं.

आणि तो उंदीर.
नेब्रास्कात कधी चढला कळलं नाही.
माझ्या लोकरीच्या टोपीत त्याने संसार थाटला,
चिवड्यातले काजू तेवढे वेचून नेले.
रात्री खडखड झाली की आम्ही एकमेकांवर संशय घ्यायचो.
शेवटी डेकोराजवळ, मक्याच्या शेताकडेला,
डबा आडवा केला. तो निघाला, मिशा पुसल्या, गेला.
एका मिनिटात आयोवाचा रहिवासी.
आम्हाला सतरा वर्षं लागली.

आता अंगणातून चालायचं ते पाय न वाजवता.
टपालवाल्या बाईला सांगितलंय, इकडून नको, स्वयंपाकघराकडून या.
मुकुंद फोनवर मुलाशी कुजबुजत बोलतो,
मुलगा विचारतो, बाबा, दवाखान्यात आहात का?

परवापासून संध्याकाळी
घडीच्या खुर्च्या बाहेर काढतो,
प्रवासातला तोच स्टोव्ह, तेच पत्र्याचे मग.
स्वतःच्याच घरासमोर उतरलेले दोन प्रवासी.
काल सात वाजता हरीण आलं,
फाटकाशी थांबलं, कान फिरवले,
आणि माझे होस्टा खायला लागलं, शांतपणे, पान पान करून.

चार वर्षं मी ह्या हरणावर चपला भिरकावल्या आहेत.
साबणाच्या वड्या टांगल्या, मिरचीपूड शिंपडली,
एकदा तर ताटसुद्धा वाजवलं.
आणि हेच हरीण वायोमिंगमध्ये दिसलं असतं
तर गाडी बाजूला घेऊन
पन्नास फोटो काढले असते,
बहिणीला पाठवले असते: बघ, किती जवळ.

काल मी बसून राहिले.
उजव्या कानाला एक खाच आहे त्याच्या.
चार वर्षांत मला दिसली नव्हती.

आज सकाळी कव्हरात काहीतरी हललं.
डार्लीन म्हणते, अजून सतरा दिवस तरी धरा.
सतरा म्हणताच मुकुंद हसला.
संध्याकाळी त्याने मुक्कामाची वही आणली,
जिच्यात प्रत्येक तळाचा हिशेब आहे:
जागा, भाडं, पाणी, वीज, दिसले.
लिहिलं: जागा, घर.
भाडं, नाही. पाणी, गोड. वीज, काल अर्धा तास गेली.
दिसले,

तेवढ्यात ती आली.
शिडीच्या वरच्या पायरीवर, शेपटी उभी,
चोचीत हिरवी, वळवळणारी अळी.
आमच्याकडे बघितलं.
आम्ही श्वास धरला, बायसनपुढे धरला होता तसा.
आत जावं की न जावं,
तिचं काही ठरत नव्हतं.

चहावर साय धरली.