कुणाची पाळी

कुताईसीत सकाळी आठला अजून धुकं असतं
रिओनी नदीवर, आणि आमच्या लॅबच्या काचेवरही.
मी शटर वर ढकलते. आत स्पिरिटचा वास,
बाकावर उपाशीपोटी बसलेली माणसं,
आणि दर पाच मिनिटांनी माझा तोच प्रश्न :
आता कुणाची पाळी?

एकविसाव्या नंबरला आज दोघी उठल्या.
आई नातेला, मुलगी नुत्सा.
दोन कागद, आडनाव एकच, लोमिद्झे,
डॉक्टरांनी आद्याक्षरं तेवढी लिहिलेली :
न. आणि न.
एकीची अजून आली नाही, सोळावं लागलं तरी.
एकीची गेली, बेचाळीस पुरती भरायच्या आत.
आई म्हणाली, "आधी हिचं घ्या."
मुलगी म्हणाली, "आधी हिचं."
मी रबरी पट्टा हातात घेऊन उभी.

शेवटी नुत्साने बाही वर केली.
लांब, काडीसारखा हात. मनगटावर शाईने काढलेला मासा.
शीर सापडेना. "मूठ आवळ," म्हटलं.
सुई आत गेल्यावर म्हटलं, "आता सोड."
सोडली नाही तिने.
बहुतेक त्या मुठीत वर्गातल्या पोरींची कुजबुज होती,
आणि पोहण्याच्या तासाला
कधीच सुट्टी न मागणारी ती एकटीच.

नातेलाची शीर चटकन लागली.
एवढ्या धुक्यात तिच्या ओठांवर घामाचे थेंब.
"रात्री खिडक्या उघडते मी," ती म्हणाली,
"घरातले सगळे कुडकुडतात."
नळीकडे तिने पाहिलं नाही. पोरीकडे पाहत राहिली.

पिवळ्या टोपणाच्या नळ्या हिसडायच्या नसतात,
पाचदा नुसत्या कलंडायच्या,
झोपलेल्या बाळाची कूस बदलावी तशा.
कूस.
हा शब्द कुठून आला सकाळी सकाळी?

मग यंत्र गरगरतं. लाल ते सगळं तळाशी बसतं,
वर उरतं वाळल्या गवताच्या रंगाचं पाणी.
तपासतात ते एवढंच.
ज्या लालसाठी हा सारा खटाटोप
ते आम्ही संध्याकाळी फेकून देतो.

रॅकमधली तिसरी नळी माझी आहे.
शटर उघडायच्या आधी दालीने घेतली, काही न विचारता.
माझी येते. वीजबिलासारखी वक्तशीर,
सात वर्षं.
पहिल्या दिवशी गिवी गप्प राहून सगळी भांडी घासतो,
स्वच्छ असलेलीसुद्धा.
तिसऱ्या दिवशी मी हात पुढे करते.

काचेतून दिसलं, बाहेर पायरीवर
नातेलाने पर्समधून चुर्चखेला काढली,
द्राक्षाच्या रसात बुडवून वाळवलेली अक्रोडांची दोरी,
आणि मोडून मोठा तुकडा पोरीला दिला.
आतला दोरा तुटला नाही.
दोघी खात होत्या, तो मधे लोंबत होता.

चार वाजता त्या परत आल्या.
पाकिटांची अदलाबदल झाली. चूक माझीच, न. आणि न.
नुत्साने आईचा कागद मोठ्याने वाचला :
"एफएसएच, अडुसष्ट. अगं, माझ्या गणितापेक्षा बरे पडलेत!"
आईला हसू आवरेना.
हसता हसता तिने तो आकडा पाहिला
आणि हसतच राहिली, जरा जास्तच वेळ.

मुलीचे आकडे लहान होते, पण शून्य नव्हते.
अर्थ सांगायचा तो डॉक्टरांनी, मी फक्त छापते.
तरी राहवलं नाही. म्हटलं, "आमच्या गावाकडे
एक द्राक्ष असतं, थंडी पडल्यावर पिकतं."
नुत्सा म्हणाली, "मी द्राक्ष नाही."
बरोबर होतं तिचं.

त्या गेल्या. तिसरं पाकीट ड्रॉवरमध्ये,
स्टेपलरखाली, सकाळपासून उपाशी.
बाकावर जेवणानंतरची साखर द्यायला आलेला म्हातारा
घड्याळ दाखवत खेकसला :
"अहो बाई, आता कुणाची पाळी?"

"थांबा जरा," म्हटलं. "माझी."