शुक्रवारची बाई

आपल्या पंचांगात तिथीचा क्षय होतो,
प्रतिपदेनंतर थेट तृतीया,
आणि मधली बीज गेली कुठे, असं कुणी विचारत नाही.
सामोआत एकदा अख्खा वार गेला.
गुरुवारी मध्यरात्री चर्चच्या घंटा वाजल्या,
लोकांनी डोळे मिटून प्रार्थना म्हटली,
उघडले तेव्हा शनिवार होता.
सरकारनं तारीखरेषा उचलून बेटांच्या पलीकडे ठेवली होती.
व्यापारासाठी.
न उगवलेल्या दिवसाचा पगार मात्र मिळाला.

फालेआलुपोच्या तेउइलाचं लग्न त्या शनिवारी होतं.
पेलेनातो गुरुवारी संध्याकाळी होडी घेऊन गेलेला,
पंगतीला मासे आणतो म्हणून.
आला पहाटे, टोपलीभर कुपे घेऊन,
आणि दाढी दोन दिवसांची.
सदऱ्याचं वरचं बटण बुधवारी तिच्यासमोर तुटलं होतं.
आता ते जागेवर, हिरव्या दोऱ्यानं.
खांद्यावर एक केस. लांब. पांढरा.
"कोण होती?"
"शुक्रवारी होती," तो म्हणाला,
आणि आयुष्यभर त्यापुढे एक अक्षर नाही.

संसार झाला. तीन मुलं, दोन चक्रीवादळं, पत्र्याचं छप्पर.
भांडण कशावरनंही निघो,
जाऊन थांबायचं त्या बटणाशी.
कधी तो तिच्याकडे बघायचा
ओळख पटत आल्यासारखा,
अजून थोडी बाकी आहे असा.
आणि एक खोड त्याची:
होडी ढकलण्याआधी दर वेळी
दुकानाची उधारी चुकती करायचा,
दोन टालांची असली तरी.
दुकानदार हसायचा.

एकोणिसाव्या वर्षी, स्वच्छ उन्हात,
होडी तेवढी परत आली.
दुकानदार वही घेऊन आला तिच्याकडे,
पानं उलटून दाखवली. बाकी शून्य, बाकी शून्य.
तेव्हापासून तिला झोप नाही.
त्याला माहीत होतं. कुणी सांगितलं?

साठीला टेकली, तेव्हा एका सकाळी
फणीत एक केस निघाला.
लांब.
ती बराच वेळ उठलीच नाही.

गावच्या खडकांत मेलेल्यांची वाट आहे,
म्हातारे सांगायचे, तिथून मागेही जाता येतं.
जिवंत माणसाची अडचण एवढीच,
की मागचे सगळे दिवस माणसांनी गच्च,
पाय ठेवायला जागा नाही.
एक दिवस सोडून.

चुली थंड. चटया मोकळ्या.
कोंबड्यासुद्धा पुढे निघून गेलेल्या.
किनाऱ्यावर चोवीस वर्षांचा पेलेनातो
होडी ओढत विचारत होता,
"आजी, गाव कुठे गेलं?"
मग तिनं 'च्' केलं, रागावल्यावर करते तसं,
आणि त्याच्या हातातला दोर गळून पडला.

काही सांगायचं नाही, असं ठरवून आली होती.
नीरफणस भाजला. त्यानं तिघांचं एकट्यानं खाल्लं.
सुईदोऱ्याचा डबा उघडला,
आधी पांढरा दोरा घेतला.
परत ठेवला.
बटण लावताना त्यानं हसत विचारलं,
"म्हातारपणी मी कसा दिसतो गं?"
दोरा तिच्या दातांत होता.
तुटायला फार वेळ लागला.

तो समुद्राकडे बघत राहिला.
मग म्हणाला, "दुकानदाराचं तेवढं बघायला हवं."

कुणीच न पाहिलेला सूर्य बुडाला.
तो होडीला टेकून झोपी गेला.
उद्या एक पोरगी हा सदरा हुंगेल,
जळेल,
छत्तीस वर्षं जळत राहील.
हिला सगळं माहीत होतं, कुठे किती भाजतं तेही.
पण न जळती तर आली कशाला असती?

वेणीतून तिनं एक केस उपटला, दुखेल असा,
आणि त्याच्या खांद्यावर ठेवला.